विनंती थांबा

नाव निवृत्ती ढमढेरे, बिल्ला नंबर चोवीसशे सतरा,
निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली,
असं सांगितलं की लोक हसतात.
डॉक्टर बागवान हसल्या नाहीत.
माझ्या रक्ताचा कागद वाचत होत्या.

मग खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढून म्हणाल्या,
दोन्ही किडन्या मिळून आता
दहा टक्के ड्यूटी करतायत.
पुढं तीन रस्ते आहेत.

मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.
रास्ता पेठेतल्या त्या खोलीत हे वाक्य
दिवसातून पन्नासदा पडत असणार,
सुट्ट्या पैशांसारखं.
हौसाही म्हणाली, तुम्ही म्हणाल ते.
विक्रांत म्हणाला, पैशाचं बघू नका, सगळं करा,
आणि आवाज खाली आणून, दादांना फार सांगू नका.
मी समोरच बसलो होतो.
बत्तीस वर्षं भरल्या गाडीत
मागच्या सीटवरची कुजबुज टिपलेला कान आहे हा.

खरं सांगतो, राग आला होता.
फी घ्यायची आणि वर आम्हालाच विचारायचं?
कुठल्या ड्रायव्हरनं मागं वळून
कुठून घेऊ हो गाडी, असं नाही विचारलं मला.

बाईंनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला.
सोमवार, बुधवार, शुक्रवार असे चौकोन काढले.
मशीनवर चार तास,
येणं-जाणं धरून दिवस गेलाच.
दुसरं, पोटात नळी, घरच्या घरी, रात्री झोपेत.
पिशव्या, खोकी, हात धुण्याची शिस्त,
चुकलं तर जंतू.
तिसरं, मशीन नाहीच. त्रास कमी ठेवायचा
आणि जेवढे दिवस तेवढे.
किती?
नक्की माहीत नाही, त्या म्हणाल्या.
एवढे डॉक्टर पाहिले,
हे तीन शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

मग विचारलं, सोमवारी काय करता तुम्ही?

सोमवारी?
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी
ओजूला शाळेतून आणतो.
चालत दहा मिनिटं, पण आम्ही बसनंच येतो.
ती तिकीट मागते,
मी चिमटा नसलेल्या बोटांनी
हवेत टिक् करतो.
हे काय दवाखान्यात सांगायचं असतं?
बाईंनी लिहून घेतलं.
चौकोनांच्या शेजारी, ओजू.

खोकी केवढी असतात, हौसा एकदम म्हणाली.
इतका वेळ पदराशी खेळत होती.
महिन्याला किती येतात? उन्हात चालतात का?
बाई एकेक उत्तर देत होत्या,
काही ठिकाणी, विचारून सांगते.
विक्रांत कागदाकडं बघत राहिला,
मग म्हणाला, दादा, तुम्हाला काय वाटतं?
नववीत नापास झाला होता तेव्हाचा आवाज.

घरचं, मी म्हटलं. रात्रीचं.
नाण्यांनी काळे झालेले हात
रोज घासून काढायची सवय आहेच.
पण मधेच नको झालं तर?

आमच्या वेळी गावाबाहेरच्या काही खांबांवर
पाटी असायची, विनंती थांबा.
कुणी हात केला, आतून कुणी घंटी मारली,
तरच गाडी थांबायची.
म्हटलं, तसं काहीतरी लिहा.

बाईंनी लिहिलं.
तीन महिन्यांनी परत बसून बोलणे.
त्याआधीही, रुग्णाने सांगितल्यास, बोलून थांबवणे.
खाली त्यांची सही, मग माझी,
सुजलेल्या बोटांची, जरा वाकडी.
विक्रांतनं ती ओळ दोनदा वाचली.
बोलला काही नाही. कागद घडी घालून
स्वतःच्या खिशात नाही, माझ्या खिशात ठेवला.

येताना पहिली बस थांबलीच नाही, हात करूनही.
हल्लीची पोरं. मी नंबर लिहून घेतला.

घरी हौसा चप्पल न काढता
दिवाणाखाली वाकली,
वितीनं मोजायला लागली.
पाच विती, चार बोटं.
बसतील, म्हणाली, पण तुमची ट्रंक काढावी लागेल.
ट्रंकेत खाकी ड्रेस, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे.
काढ, म्हटलं.
बिल्ला तेवढा वर ठेव.